दयारामचा करगोटा

शकू आमच्या नर्सिंगच्या शाळेत आली ती एक पत्र्याची ट्रंक, सुक्या जवळ्याच्या चटणीची बरणी आणि नऊ महिन्यांच्या पोराच्या गप्पा घेऊन. ट्रंक खाटेखाली गेली. बरणी मी पहिल्याच आठवड्यात संपवली. पोराच्या गप्पा मात्र दीड वर्षाचा कोर्स संपेपर्यंत संपल्या नाहीत.

पोराचं नाव दयाराम. नऊ महिन्यांच्या तान्ह्याला दयाराम म्हणतात हे ऐकून मी इतकी हसले की शकू दोन दिवस माझ्याशी बोलली नाही. आजेसासऱ्यांचं नाव होतं ते. तिसऱ्या दिवशी ती आपणहून म्हणाली, "अगं, म्हातारे गेले तेव्हा त्यांच्या तोंडात दात नव्हता आणि हा आला तेव्हा ह्याच्याही नव्हता. म्हणून तेच नाव ठेवलं." तेव्हा मला कळलं, ही बाई राग धरून बसणाऱ्यांतली नाही आणि हिच्याशी आपलं जमणार.

आमची शाळा पनवेलमधल्या एका ट्रस्टच्या हॉस्पिटलला जोडलेली होती. हॉस्टेलात राहणं सक्तीचं. माझं घर चार गल्ल्या पलीकडे, आईनं फोडणी घातली तर मला हॉस्टेलच्या गच्चीवर वास यायचा, तरी मी शनिवारशिवाय घरी जायचं नाही. बारावीला मला जे मार्क पडले होते ते बघता वडिलांना हा नियम फार आवडला. एकोणीसशे एक्क्याण्णव साल होतं. नव्या शहरासाठी खाडीकडच्या गावांच्या जमिनी गेल्या होत्या, आणि शाळेनं त्या वर्षी पहिल्यांदाच त्या गावांतल्या लेकीसुनांसाठी काही जागा ठेवल्या होत्या. लेकी बऱ्याच आल्या. सून एकच आली, गव्हाणची शकू. बाकी आम्ही सगळ्या बिनलग्नाच्या. मूल म्हणजे काय ते पुस्तकातल्या आकृतीत पाहिलेलं, आणि त्या आकृतीलाही डोकं नव्हतं.

आता शकूच्या सासूनं, चंद्रावतीबाईंनी, हिला सोडली कशी? तर अटीवर सोडली. ती अटही घरात गुपचूप घातली असती तर बाई कसल्या. ओट्यावर उभ्या राहून, सगळ्या आळीला ऐकू जाईल अशी घातली.

"शिकाला जा. मी मधी येनार नाय. पन पोराचा करगोटा सैल झाला, का तुजी शाला बंद."

करगोटा म्हणजे पोराच्या कमरेला बांधलेला काळा दोरा. तो सगळ्यांच्याच पोरांना असतो. पण चंद्रावतीबाईंच्या घरी तो तराजूचं काम करायचा. पोट आणि दोरा ह्यांच्यामध्ये एक बोट गेलं, तर पोर ठीक. दोन बोटं गेली, तर पोर सुकलं, आईविना झुरलं, आणि आईनं ट्रंक उचलून घरी यायचं. दर शनिवारी संध्याकाळी शकू घरी पोचली की चहाच्या आधी हे माप व्हायचं.

"वजनकाटा नाही का तुमच्याकडे?" मी विचारलं.

"आयेच्या बोटापुढं वजनकाटा काय करणार?" शकू म्हणाली. सासूला ती आयेच म्हणायची.

शकूला नर्स व्हायचंच होतं. आम्ही बाकीच्या कुणी बापानं घातलं म्हणून आलो होतो, कुणी दुसरीकडे कुठे जागा मिळाली नाही म्हणून. ती मात्र हट्टानं आली होती. दयारामच्या वेळी तिला गव्हाणहून टेम्पोत घालून आणलं होतं, आणि इथल्या एका नर्सनं रात्रभर तिचा हात धरून ठेवला होता. त्या नर्सचं नावही तिला ठाऊक नव्हतं. "मला ते काम पाहिजे," एवढंच ती म्हणायची. असं सरळ काही कुणी बोललं की मला थट्टा सुचत नाही, म्हणून मी विषय बदलायचे.

थट्टेला इतर जागा पुष्कळ होत्या. आमच्या प्रॅक्टिकलच्या खोलीत एक रबरी बाळ होतं. त्याला दुपट्यात गुंडाळायचं, आंघोळ घालायची, सगळं त्याच्यावर शिकायचं. आम्ही ते भोपळ्यासारखं उचलायचो. शकू मात्र त्याला घेतलं की आपोआप डोलायला लागायची. एकदा तिनं त्याला खांद्यावर टाकून पाठीवर थोपटायला सुरुवात केली. आमच्या शिकवणाऱ्या बाई, त्यांना सगळे मोठ्या सिस्टर म्हणायचे, चष्म्यावरून तिच्याकडे बघत राहिल्या.

"शकुंतला, रबराच्या बाळाला ढेकर येत नाही."

"सवय आहे सिस्टर," शकू म्हणाली आणि थोपटत राहिली.

आंघोळीच्या दिवशी तर कहर झाला. टेबलावर टब, पाण्याचं तापमान बघायला थर्मामीटर, टॉवेल असं सगळं मांडलेलं. शकूनं बाळ उचललं, साडी गुडघ्यापर्यंत खोचली, सरळ जमिनीवर बसली, पाय लांब केले आणि बाळाला पालथं पायांवर टाकलं. टबाकडे तिनं ढुंकून पाहिलं नाही. मोठ्या सिस्टरांनी तिला उठवलं आणि टबातली आंघोळ चार वेळा करायला लावली. ती बिचारी चारही वेळा टबातल्या रबरी बाळाचं नाक ओढून सरळ करत होती.

मोठ्या सिस्टरांचं खरं प्रेम मात्र गाठींवर होतं. बँडेज कुठलंही असो, शेवटची गाठ त्यांना हवी तशीच लागायची. रीफ नॉट. उजवं टोक डाव्यावर, मग डावं उजव्यावर. ही गाठ सपाट बसते, रुग्णाला टोचत नाही, आणि ओढली तरी सरकत नाही. कुणी चुकून उलटी बांधली तर त्यांना वॉर्डच्या दुसऱ्या टोकावरून कळायचं. "ही गाठ कुणी बांधली? हिच्यानं चपलेचा अंगठासुद्धा धरला जाणार नाही," असं त्या म्हणायच्या. शकूनं ती गाठ गव्हाणला जाऊन घटवली. रविवारी ती सासऱ्याचं डोकं बांधायची, नवऱ्याचा कोपर बांधायची आणि दयारामचे दोन्ही गुडघे. आळीतले लोक विचारायला यायचे, घरात मारामारी झाली का म्हणून.

एका शनिवारी मी तिच्याबरोबर गव्हाणला गेले. घरच्यांना सांगितलं अभ्यासाला जाते. गेले होते मासे खायला. ओट्यावर सासरे दादू बसले होते. त्यांचा जन्म मिठागरावर गेलेला. मिठाच्या गोण्यांची तोंडं बांधून बांधून त्यांच्या हाताला एकच गाठ बसली होती, दोन वेढे आणि खालून फास. मीठ गेलं, गाठ राहिली. अंगणातली शेळी, फाटकाची दोरी, चष्म्याची मोडलेली काडी, सगळं त्याच गाठीनं बांधलेलं. नवरा हरेश नुकताच बंदरावर कामाला लागला होता. त्याला तिथून बूट मिळाले होते. ते नाडीची दुहेरी फुलं करून तो ओट्यावर अशा जागी ठेवायचा की येणाराजाणारा अडखळलाच पाहिजे. आणि चंद्रावतीबाई अंगणात पेंढ्या बांधत बसल्या होत्या. मूठभर पेंढा घ्यायचा, त्याच्याच चार काड्यांना पीळ द्यायचा आणि टोक आत खुपसायचं. हात चालू, तोंड चालू.

"ही कोन?"

"आशालता. माझ्या खोलीतली."

"लगीन झालं?"

"नाही मावशी," मी म्हटलं.

"मंग शिक बरी. मागं ओढनारं कोन नाय."

एवढं म्हणून त्यांनी पेंढी बाजूला टाकली, हात पदराला पुसले आणि हाक मारली, "दयाराम, इकरं ये. शिष्टर आली तुजी."

घरात शकूला त्या शिष्टर म्हणायच्या. त्यात टोमणा किती आणि कौतुक किती हे मला त्या दिवशी तरी कळलं नाही. दयाराम रांगत आला. काजळानं डोळे भरलेले, हातात भाकरीचा तुकडा, आणि पोट असं की पोरगं मागून चाललंय आणि पोट पुढे. शकूनं त्याला उचलायला हात पुढे केले, तर सासूनं आधी त्याचं झबलं वर केलं आणि करगोट्याखाली बोट घातलं. शकूचा श्वास थांबलेला मी पाहिला. मीही थांबवला, उगीच.

"एकच," चंद्रावतीबाई म्हणाल्या, आणि पोर आईच्या ताब्यात दिलं. मग चहा आला.

असं वर्षभर चाललं. दर सोमवारी शकू परत आली की मी विचारायचे, "एक की दोन?" ती म्हणायची, "एक," आणि आम्ही नव्या बरणीला हात घालायचो.

त्या वर्षात दयाराम चालायला लागला होता. आता तर शेळीमागे धावायला लागला. चालायला लागलेलं मूल अंगानं उतरतं. पोट कमी होतं, पाय लांब होतात. हे आमच्या पुस्तकात छापलेलं होतं. शकूनं ते पान सासूला वाचून दाखवलं. चंद्रावतीबाईंनी नीट ऐकून घेतलं आणि म्हणाल्या, "पुस्तकातल्या पोराला पुस्तकातली आजी बघंल. माज्या पोराला मी बघतंय."

परीक्षा तोंडावर आली होती. त्या सोमवारी शकू परतली ती पांढरीफटक. मी विचारायच्या आधीच म्हणाली, "एक बोट गेलं. आणि दुसऱ्याचं नख."

"नख म्हणजे बोट नव्हे," मी म्हटलं.

"आये नखाकडे बघत राहिली गं. मग म्हणाली, बघू पुढच्या शनवारी." ती खाटेवर बसली आणि पुढचं खाली मान घालून बोलली. "मी निघताना गाठ मारली करगोट्याला. मागच्या बाजूला. एवढीशी. लेकराच्या अंगावर चोरी केली मी."

ती रडायला लागली. मला तिची दया आली आणि सासूचा रागही आला. बाईनं दीड वर्ष घाम गाळायचा, आणि निकाल लावणार कोण, तर एक काळा दोरा. मी तिला म्हटलं, पोर ठणठणीत आहे, शेळीला पळवून पळवून हैराण करतंय, तू अभ्यास कर. पण तो आठवडा तिचं पुस्तकात लक्ष नव्हतं. वॉर्डात कुठल्याही पोराला तपासताना तिचं बोट आपोआप त्याच्या करगोट्याकडे जायचं.

पुढच्या सोमवारी बाईसाहेब उड्या मारत आल्या.

"एक बोट जेमतेम गेलं," ती म्हणाली. "बाळसं धरलंय गं त्यानं."

"तुझ्या गाठीनं धरलंय."

"माझी गाठ केवढीशी होती. एवढा फरक गाठीनं पडत नाही. मी आयेला नाचणीचं सत्त्व द्यायला सांगितलं होतं. त्याचाच गुण."

झालं. त्या दिवसापासून मुलांच्या वॉर्डात नाचणीशिवाय दुसरी गोष्ट नाही. ताप आलेल्या पोराच्या आईला नाचणी, हात मोडलेल्या पोराच्या आईला नाचणी. त्यापुढच्या शनिवारी तर बोट जाईनाच. चंद्रावतीबाईंनी आळीभर सांगितलं म्हणे की त्यांच्या हाताला गुण आहे. दादू म्हणाले, पोर आपल्या पणजोबांवर जाणार, म्हातारे दयाराम असेच भरदार होते. हरेशनं वरच्या मापाची चड्डी आणली. घरात जो तो खूष. शकूनं पुन्हा जोरात अभ्यास सुरू केला, आणि मला गाढवाला उत्तर येईल असे प्रश्न विचारून छळायला लागली.

प्रॅक्टिकलच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी मुलांच्या ओपीडीत होतो. सकाळची गर्दी ओसरत आली होती. तेवढ्यात फाटकाशी गव्हाणचा टेम्पो थांबला आणि आतून एक सूर ऐकू आला. शकूच्या हातातला ट्रे तसाच राहिला. आईला आपल्या पोराचं रडणं रस्त्यावरून ओळखू येतं हे मी तोवर फक्त ऐकलं होतं.

पुढे चंद्रावतीबाई, त्यांच्या कडेवर लालबुंद दयाराम, मागे दादू आणि त्यांच्यामागे एका बुटाची नाडी सुटलेला हरेश.

"काल हलद व्हती शेजारी," चंद्रावतीबाई सांगायला लागल्या. "जेवला पोटभर. झोपला. सकालपासून रडतंय, हात लावू देत नाय. हिंग लावला, ओवा दिला, मीठमोहऱ्या उतरल्या. काय फरक नाय. शिष्टर, बघ गं तुज्या पोराला."

ह्या वेळच्या शिष्टरमध्ये टोमणा नव्हता. 

मोठ्या सिस्टरांनी दयारामला टेबलावर घेतलं. अंगात झबलं, त्यावर हळदीला घातलेला नवा सदरा, त्यावर ती वरच्या मापाची चड्डी बेंबीपर्यंत ओढलेली. एकेक काढत गेल्या. पोट टम्म फुगलं होतं. आणि करगोटा दिसतच नव्हता. पोटाच्या वळीत तो असा रुतला होता की वर आणि खाली लालभडक पट्टा उठला होता. तेलानं आणि घामानं दोरा आणखी आवळला होता.

"पोटात काही नाही ह्याच्या," मोठ्या सिस्टर म्हणाल्या. "दोरा काचतोय. इतका घट्ट कुणी बांधला?"

 दयाराम तेवढा बोलत होता.

सिस्टरांनी त्याला हळूच कुशीवर वळवलं. पाठीकडे दोऱ्यावर गाठींची रांगच होती. त्यांनी चष्मा पुढे ओढला. पहिली गाठ पाहिली आणि त्यांच्या कपाळावर आठी आली.

"ही रीफ नॉट आहे. उत्तम बांधलेली आहे. ही माझ्याच वर्गात शिकलेली गाठ आहे."

"मी बांधली," शकू म्हणाली. तिचे ओठ पांढरे पडले होते. "सैल होत होता, म्हणून. आये, मी फसवलं तुला. पोराला काही झालं असतं तर... नको मला ती शाळा."

आता सासू कडाडणार म्हणून मी मनात तयारी केली. पण चंद्रावतीबाई दोऱ्याकडेच बघत होत्या. सिस्टर पुढच्या गाठीवर गेल्या.

"ही कसली? दोन वेढे आणि फास."

"ती तर शेळीची गाठ," माझ्या तोंडून निघून गेलं.

दादू छताकडे बघत होते. तिथे पंख्याशिवाय काही नव्हतं. "शेलीची नाय," ते जरा दुखावून म्हणाले, "गोनीची हाय. मी म्हनलं, पोरीची परीक्षा हाय, एक गाठ मारल्यानं काय व्हतंय. मला काय ठावं आधीच मारलीय."

तिसरी गाठ छोट्या दुहेरी फुलाची होती. सगळ्यांच्या नजरा हरेशच्या बुटांकडे गेल्या. त्यानं पाय मागे घेतले.

"दोन आठवड्यांवर आली होती परीक्षा," तो शकूकडे न बघता म्हणाला. "तुला सांगितलं असतं तर तू मारू दिली नसतीस."

शकू त्याच्याकडे बघत राहिली. रडावं की हसावं हे तिला ठरवता येत नव्हतं. आणि मग सिस्टरांनी चौथी गाठ बोटानं वर केली. ती गाठ म्हणजे खरं तर गाठ नव्हतीच. दोऱ्याला दोऱ्याचाच पीळ दिलेला आणि टोक आत खुपसलेलं. पेंढी बांधतात तसं.

दादूंनी बायकोकडे पाहिलं. हरेशनं आईकडे पाहिलं. शकूनं वर पाहायचं धाडसच केलं नाही.

"काय बघताव?" चंद्रावतीबाई म्हणाल्या. मग त्यांनी पदर तोंडाला लावला, काढला, पुन्हा लावला. "आलीभर बोलून बसली व्हती मी. करगोटा सैल, का शाला बंद. ओट्यावर हुबं ऱ्हाऊन बोललेला शब्द गिलायचा कसा? त्या शनवारी नख गेलं आत, आनि मी हिचं तोंड बघितलं. चहाचा घोट उतरत नव्हता हिच्या गल्यातनं. मंग मारली गाठ. शुक्रवारी रातच्याला, दिव्याबिगर चाचपून मारली, बाकीच्या गाठी दिसल्या नायत मला." त्यांचा आवाज चढला, पण तो राग नव्हता. "शब्द माजा, नातू माजा, सून बी माजी. कोनाला सैल सोडू?"

ओपीडीत कुणी हसलं नाही. मला वर्षभर ह्या बाईंचा राग आला होता, तो उतरला.  मोठ्या सिस्टर इतक्या गाठी बांधायला शिकवून म्हाताऱ्या झाल्या होत्या, पण ह्या गाठीला त्यांनी नावं ठेवली नाहीत. त्यांनी बोथट टोकाची कात्री घेतली आणि शकूपुढे धरली.

"उद्या परीक्षा आहे ना? घे. आधी दोऱ्याखाली गॉज सरकव, कातडी सांभाळ."

शकूनं कात्री घेतली आणि सासूकडे पाहिलं. करगोटा असा कापून काढायचा नसतो. दुसरा बांधल्याशिवाय पहिला उतरवायचा नसतो.

"काप," चंद्रावतीबाई म्हणाल्या. "माज्याकडं बघू नको, पोराकडं बघ."

शकू पोराकडे वळली. गॉजची घडी सरकली, कात्री गेली, चारही गाठींसकट दोरा निघाला. दयारामनं एक लांब श्वास घेतला, दोन हुंदके दिले आणि समोरच्या ट्रेमधल्या चकचकीत वाटीकडे हात केला. तेवढ्या वेळात तो रडणं विसरलाही. आम्ही सगळे मात्र तिथेच, रडवेले.

सिस्टरांनी मलम लावलं आणि बजावलं की महिनाभर ह्याच्या कमरेला काहीही बांधायचं नाही. दादूंनी मान हलवली. हरेशनं पोराला खांद्यावर घेतलं. निघायची वेळ आली, तेव्हा शकू सासूच्या जवळ गेली आणि खालच्या आवाजात म्हणाली, "आये, मग शनिवारी...?"

"शनवारी काय? करगोटाच नाय, तं सैल काय व्हनार?" चंद्रावतीबाईंनी तो कापलेला दोरा कनवटीला लावला. "परीक्षा दे बरी. लिवताना घाबरू नको. तुजं पोर धावतंय आनि खातंय, ते मला दिसतंय. मला डोले नायत का?"

शकूनं वाकून त्यांच्या पायाला हात लावला. ती उठताना चंद्रावतीबाईंनी तिचा हात मनगटाशी धरला आणि धरूनच ठेवला. नोकरी लागल्यावर हरेशनं पहिली वस्तू घेतली होती ती शकूसाठी घड्याळ, नाडी मोजायला. शाळेत आली तेव्हा त्याचा पट्टा तिच्या मनगटावर घट्ट बसायचा. आता घड्याळ कोपराकडे घसरलं होतं. मी दीड वर्ष तिच्या खाटेशेजारी झोपत होते, रोज तिला पोराच्या मापावरून चिडवत होते, आणि हे मी एकदाही पाहिलं नव्हतं. तिच्याकडेच कुणी पाहिलं नव्हतं.

चंद्रावतीबाईंनी पट्ट्याखाली एक बोट घातलं. मग दुसरं. दोन्ही आरामात गेली. तिसरंही गेलं असतं.

"परीक्षा झाली, का सुट्टीत घरी," त्या म्हणाल्या. "दर शनवारी आता हिचं माप घेनार मी." आणि फाटकापर्यंत जाऊन त्या पुन्हा वळल्या. "आनि ऐक गं शिष्टर, मदी पट्ट्याचं भोक पुढं सरकवलंस, तं माज्याशी गाठ हाय."